वीज गेली, आकडा राहिला!

दोस्तांनो, भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकलाय? किती कापड विणलं, त्यावर तिथल्या कामगाराची मजुरी ठरते. मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र लावलं आणि मध्येच वीज गेली, तर दिवसभराचा आकडा पुसला जाईल? छे! २४सी०२ या आठ पायांच्या मेमरी चिपमध्ये तो जपता येतो. तिच्यात २५६ बाइट मावतात. मायक्रोकंट्रोलरशी, म्हणजे यंत्राच्या छोट्या मेंदूशी बोलायला तिला दोनच तारा पुरतात: एक ठोक्याची, एक माहितीची. जुन्या ८०५१ मध्ये या बोलीची खास सोय नाही. मग काय, प्रोग्रामच तारांवरचा दाब चढवतो-उतरवतो! आठ ठोक्यांत आठ बिट जातात. नवव्याला चिप माहितीची तार खाली ओढते, म्हणजे ‘पोचलं!’ आकडा कोरायला तिला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात हाक मारलीत, तर ती चक्क गप्प बसते.