एका वाचलेल्या पिल्लाची गोष्ट

व्हिडिओ गेम म्हटले की आईबापांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलांचा अभ्यास बुडतो, डोळे बिघडतात, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. ती अगदीच खोटी नाही. परंतु काही खेळांत शिकण्यासारखेही पुष्कळ असते. अशाच एका खेळाची माहिती आज देत आहे. त्याचे नाव 'मेट्रॉइड टू : रिटर्न ऑफ सॅमस'.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली 'गेम बॉय' हे हातात मावणारे यंत्र काढले. ते गुनपेई योकोई यांच्या विभागात तयार झाले. महागड्या नव्या तंत्रामागे न धावता जुन्या, स्वस्त व पारखलेल्या तंत्राचा नवा उपयोग शोधावा, असे योकोई यांचे मत होते. म्हणून गेम बॉयच्या पडद्यावर रंग नव्हते, हिरवट रंगाच्या चारच छटा होत्या. पण चार लहान बॅटऱ्यांवर तो पुष्कळ तास चालत असे.

या यंत्रासाठी हा खेळ १९९१ साली अमेरिकेत व १९९२ साली जपानमध्ये आला. त्याचा पहिला भाग १९८६ सालचा. सॅमस आरन ही चिलखत घातलेली शूर स्त्री त्याची नायिका. मेट्रॉइड नावाचे प्राणी दुसऱ्यांची जीवनशक्ती शोषून घेतात, म्हणून त्यांच्या ग्रहावर जाऊन त्यांचा समूळ नाश करावा, अशी तिला आज्ञा होते. किती प्राणी उरले, तो आकडा पडद्यावर दिसतो. प्रारंभी तो ३९ असतो. खेळात नकाशा नाही. अंधाऱ्या गुहांतून वाट आपणच लक्षात ठेवायची.

पहिल्या भागात नायिकेला नवे चिलखत मिळाले की रंग बदलत असे. येथे रंगच नाहीत, मग ते कसे दाखवावे? कलाकारांनी नव्या चिलखताला मोठे गोल खांदे दिले. पुढे रंगीत पडदे आले, तरी ते खांदे तिची ओळख होऊन राहिले. अडचणीतून युक्ती सुचते ती अशी.

शेवटी मेट्रॉइडांची राणी मरते आणि एका अंड्यातून पिल्लू बाहेर येते. ते सॅमसलाच आई समजून तिच्यामागे येते. आज्ञा तर सर्वांना मारण्याची, पण तिचा हात उठत नाही. तेच पिल्लू वाटेतील अडथळे खाऊन तिला रस्ता मोकळा करून देते. १९९४ सालच्या 'सुपर मेट्रॉइड'मध्ये ते स्वतःचा जीव देऊन तिचे प्राण वाचवते.

अर्जेंटिनातील एका चाहत्याने अनेक वर्षे खपून हा खेळ नव्याने रचला व २०१६ साली लोकांना फुकट दिला. कंपनीने कायद्याचा आधार घेऊन तो लगेच काढावयास लावला. २०१७ साली कंपनीची स्वतःची नवी आवृत्ती आली. २०२३ साली मूळ खेळही तिच्या नव्या यंत्रावर उपलब्ध झाला.

आपल्या बेटावरचा डोडो सतराव्या शतकात नाहीसा झाला. त्याचे एकही पिल्लू कोणी वाचवले नाही. तेव्हा मुलांच्या हातातील यंत्र हिसकावण्यापूर्वी क्षणभर त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, "बाळ, तू असतास तर त्या पिल्लाचे काय केले असतेस?"