विमान बांधा, पण आधी हिशेब मांडा!

रेडिओ-नियंत्रणाने उडणाऱ्या विमानाचे सुटे भाग खोक्यात मिळतात. बाल्साच्या हलक्या पट्ट्या, प्लायवूडचे कापलेले तुकडे आणि एक लांबलचक आराखडा. ते चिकटवले की विमान तयार, असे तुम्हांला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण आमच्या महाविद्यालयातील मुलांनी आणि मी चार महिने खपून बांधलेले विमान पहिल्याच उड्डाणात पंधरा सेकंदांत कोसळले. का, ते पाहू.

पावपट म्हणजे किती?

आमचे विमान ‘पायपर कब’ची एक-चतुर्थांश प्रतिकृती होते. मूळ विमान अमेरिकेत १९३८ ते १९४७ या काळात तयार होत असे. त्याचा पंखविस्तार १०.७ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ १६.६ चौरस मीटर आणि भरलेल्या विमानाचे वजन ५५३ किलोग्रॅम. लांबी पावपट केली, की क्षेत्रफळ सोळावा हिस्सा होते. घनफळ मात्र चौसष्टावा हिस्सा. म्हणजे प्रतिकृतीचा पंखविस्तार २.७ मीटर, पंख सुमारे १ चौरस मीटर आणि वजन ८.६ किलोग्रॅम.

आता भागाकार करा. मूळ विमानात पंखाच्या दर चौरस मीटरवर ३३ किलोग्रॅमचा भार येतो, प्रतिकृतीत सव्वाआठ. भार पावपट झाला. पंखांना वर उचलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून निम्मा वेगही पुरतो. मूळ विमानाला हवेत टिकायला ताशी सुमारे ६० किलोमीटर वेग लागतो, प्रतिकृतीला ३०. पण डिंक सढळ हाताने ओतला, की वजन वाढते आणि उतरण्याचा वेगही वाढतो.

शक्ती कोठून?

अशा विमानांना दर किलोग्रॅममागे सुमारे २०० वॉट शक्ती द्यावी, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. आमचे विमान ८ किलोग्रॅम भरले. म्हणजे १६०० वॉट. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा एक घट ३.७ व्होल्टचा. तीनच घट जोडले तर १४४ अँपिअर प्रवाह लागेल. दहा घट एकसर जोडले, की ३७ व्होल्ट मिळतात आणि ४३ अँपिअर पुरतात. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तीच तार सुमारे अकरा पट कमी तापते! ५ अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण शक्तीने सात मिनिटे चालते. एकदा उंची गाठली, की कमी शक्तीत भागते.

सात सेंटिमीटरची चूक

ही बॅटरी सुमारे सव्वा किलोची. ती नाकात ठेवतात; कारण विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तृतीयांश अंतरावर हवा. आमच्या ४० सेंटिमीटर रुंद पंखात तो १० ते १३ सेंटिमीटरवर यायला हवा होता. आम्ही तो तपासला होता. पण बॅटरीला पट्टा बांधायचा राहिला. विमान चढू लागताच बॅटरी घसरत मागे गेली आणि सात सेंटिमीटरने गुरुत्वमध्यही सरकला. नाक वर उठले, वेग संपला, पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटला आणि विमान कोसळले. मोटर उत्तम होती, बॅटरी भरलेली होती. चुकला तो फक्त तोल. मैदान मोकळे होते, म्हणून नुकसान लाकडावरच निभावले.

म्हणून लोकवस्तीजवळ विमान उडवू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग केलेले आहेत. तुमचे मैदान कोठे येते ते शिक्षकांसह आधी पाहा. बॅटरी भरताना तिच्याजवळ कोणीतरी थांबलेच पाहिजे.

खोके विकत घेण्यापूर्वी एक प्रयोग करा. पुठ्ठ्याचे छोटे ग्लायडर कापा आणि नाकाला कागदाची चाप लावून सोडा. मग चाप थोडी थोडी मागे सरकवा आणि प्रत्येक वेळी ते कसे व किती दूर जाते याची नोंद ठेवा. आमचे चार महिने जे शिकवून गेले, ते तुम्हांला अर्ध्या तासात कळेल.