नाशिकरोड : रेल्वेने वसवले, महापालिकेने सामावले

नाशिकरोड हा आज नाशिक महापालिकेच्या सहा विभागांपैकी एक आहे. गोदाकाठच्या जुन्या नाशिकपासून तो आग्नेयेला आठ-दहा किलोमीटरवर पडतो. १९८२ पर्यंत मात्र येथे ‘नाशिकरोड-देवळाली’ या नावाची स्वतंत्र नगरपालिका होती. जुने नाशिक तीर्थक्षेत्र आणि बाजारपेठ म्हणून वाढले. नाशिकरोडला ना घाट होते, ना वाडे. रेल्वे, तुरुंग आणि सरकारी छापखाने यांनी हे गाव उभे केले.

मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग १८६० च्या दशकात पडला, तो नाशिक शहराला बाजूला ठेवून. स्थानक गावाबाहेर, देवळालीगाव आणि विहितगावच्या परिसरात आले. स्थानकावरून शहर गाठायचे तर टांगा किंवा बैलगाडी. ही अडचण दूर करण्यासाठी १८८९ च्या सुमारास ट्राम सुरू झाली. अडीच फुटी रुळांवरून दोन डबे चालत आणि चार घोडे ते ओढत. मेन रोडवरील जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून थेट स्थानकापर्यंत ही ट्राम जाई. मधला बहुतेक भाग तेव्हा झाडीचाच होता. पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे या ट्रामचे सल्लागार अभियंता होते. प्लेग आणि दुष्काळाने ट्रामचे उत्पन्न घटले, तोटा वाढत गेला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. गाव आणि स्थानक यांना बांधणारा पहिला धागा तिचाच होता. पण तिच्या स्मृतीसाठी शहराने फारसे काही राखून ठेवलेले नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

स्थानकाभोवती खरी वस्ती वाढली ती १९२० च्या दशकात. भारताची टपाल तिकिटे तोपर्यंत लंडनमध्ये छापली जात. ती देशातच छापण्यासाठी येथे सिक्युरिटी प्रेस उभारण्यात आली आणि १९२० च्या दशकाच्या मध्यास छपाई सुरू झाली. १९२८ मध्ये तिच्या शेजारी करन्सी नोट प्रेस आली व पाच रुपयांच्या नोटेने तेथील कामाचा आरंभ झाला. टपाल तिकिटे, मुद्रांक, पासपोर्ट आणि नोटा यांमुळे नाशिकरोड देशाच्या प्रत्येक घरात पोचले. फाळणीनंतर १९४८ मध्ये ‘पाकिस्तान सरकार’ असा शिक्का असलेल्या नोटा पाकिस्तानात चलनात आल्या, त्याही येथेच छापलेल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या प्रेसमध्ये नोकरी करणारी कुटुंबे, नेहरूनगरची कामगार वसाहत आणि पाळीच्या वेळा यांनी येथील रोजच्या जगण्याला घडी घातली. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या जगापेक्षा हे जग अगदी निराळे होते.

मध्यवर्ती कारागृहही १९२० च्या दशकातलेच. जेलरोड हा आज भरगच्च वस्तीचा भाग त्यावरूनच ओळखला जातो. स्वातंत्र्यचळवळीत या तुरुंगाला मोठे महत्त्व आले. सविनय कायदेभंगाच्या काळात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी आणि अशोक मेहता येथे एकत्र होते. त्यांच्या चर्चांतून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाची स्थापना झाली. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत याच तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. मराठी घराघरांत वाचले गेलेले हे पुस्तक येथे जन्मले, याचा नाशिकरोडला अभिमान वाटणे साहजिक आहे.

स्वातंत्र्यानंतर गावाला उद्योजकांचाही हातभार लागला. दंतमंजनाच्या व्यवसायातून नाव कमावलेल्या चौहान कुटुंबाच्या ‘बिटको’वरून चौक, महाविद्यालय आणि रुग्णालय यांना नावे मिळाली. जयरामभाई चौहान यांनी १९७१ मध्ये मुक्तिधाम बांधले. मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराच्या या मंदिराच्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय कोरलेले आहेत. आत बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती आहेत आणि रघुवीर मुळगावकरांनी रंगवलेली कृष्णचरित्रातील चित्रे आहेत. जुन्या नाशिकची मंदिरे काळ्या पाषाणाची, हे मात्र पांढरे शुभ्र. नव्या वस्तीने स्वतःसाठी घडवलेले देवस्थान.

१९८१ मध्ये नाशिक महसूल विभाग झाला. विभागीय आयुक्तालय नाशिकरोडलाच असल्याने खान्देश आणि नगरकडच्या लोकांचीही येथे ये-जा वाढली. त्यानंतर ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका व आसपासची गावे मिळून महापालिका स्थापन झाली. देवळाली कॅम्प लष्करी छावणी असल्याने तो भाग बाहेर राहिला व त्याचा कारभार छावणी मंडळाकडे राहिला. सुरुवातीची दहा वर्षे महापालिकेत प्रशासकीय राजवट होती. १९९२ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि शांतारामबापू वावरे पहिले महापौर झाले.

नाशिकमधील द्वारका ते नाशिकरोड या पट्ट्यात पूर्वी शेते आणि मोकळी जमीन होती. गांधीनगर, उपनगर या वसाहतींनी हा पट्टा हळूहळू भरून काढला. पुणे महामार्गावर आज एकाच शहराची सलग रांग दिसते. तरीही नाशिकरोडची स्वतंत्र गावपणाची वीण सुटलेली नाही. देवळालीगावात सोमवारी आठवडे बाजार भरतो. पंचवटी एक्स्प्रेस पकडणारे चाकरमानी याच स्थानकावरून मुंबई गाठतात. सिंहस्थाच्या यात्रेकरूंचा लोंढाही येथेच उतरतो.

विलीनीकरणाचा खरा हिशोब मात्र नळाच्या पाण्यात दिसतो. नाशिकरोडला दारणा नदीवरच्या चेहेडी बंधाऱ्यातून पाणी येते. शहराच्या दक्षिण अंगाने वाहणारी वालदेवी सांडपाणी घेऊन चेहेडीजवळ दारणेला मिळते. तिच्या दूषित पाण्यामुळे बंधाऱ्यातून होणाऱ्या उपशात अनेकदा अडथळा येतो आणि गंगापूर धरणाच्या पाण्यावर भिस्त ठेवावी लागते. हे शहराच्याच वाढीचे पाणी आहे आणि ते स्वच्छ करणे महापालिकेचेच काम आहे. वालदेवीकाठच्या नव्या वसाहतींच्या सांडपाण्याची सोय झाल्याशिवाय चेहेडीचे पाणी निर्धोक होणार नाही.