गळका रेडिएटर : डाख कीं बदल?

[नभोवाणीवरील भाषण]

श्रोतेहो, मी कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि आयुष्यभर मुलांना गणित व भूगोल शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. नंदुरबार जिल्ह्यांत, शहाद्याजवळ, सहकारी साखर कारखान्याभोंवतीं वसलेलें पुरुषोत्तमनगर हें माझें गांव. आज जें सांगणार आहें तें माझ्याच एका चुकीनें मला शिकविलें. ज्यांच्या घरीं जुनी मोटार अद्याप जपलेली आहे, त्यांच्या तें उपयोगीं पडावें.

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ सालीं कायमची गेली. आमच्यासारख्यांच्या अंगणांत मात्र ही गाडी अजून आहे.

दोन वर्षांपूर्वीं एके सकाळीं गाडीखालीं हिरवट पाण्याचें लहानसें थारोळें दिसलें. रेडिएटरच्या खालच्या टाकीपाशीं थेंब थेंब गळत होतें. जुन्या ड्रायव्हर मंडळींचा यावर एक तोडगा आहे : रेडिएटरमध्यें मूठभर हळद टाकावी. मी टाकली आणि काय आश्चर्य, गळती थांबली! पुढें पुन्हां थेंब दिसले, पुन्हां हळद टाकली. असें तीनदां झालें.

मग वैशाख आला. पत्नीला ताप भरला होता, म्हणून तिला घेऊन नंदुरबारास डॉक्टरांकडे निघालों. प्रकाशें गांवाजवळ, तापीचा पूल अद्याप यावयाचा असतां, कांटा तांबड्या रेघेवर गेला व बॉनेटखालून वाफ निघूं लागली. मी घाईनें रेडिएटरचें झांकण उघडूं लागलों, तोंच मागून आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानें माझा हात ओढला. "गुरुजी, तोंड भाजून घेतां काय?" म्हणाला. पत्नी तासभर लिंबाखालीं पडून राहिली. शेवटीं एस. टी. नें आम्हीं नंदुरबार गांठलें. ती बरी झाली. पण तो तास मी विसरलों नाहीं.

हें कां झालें? पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिच्यापैकीं जेमतेम चौथा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामीं येतो. कांहीं उष्णता धुराबरोबर जाते, आणि सुमारें एक तृतीयांश पाण्यालाच बाहेर काढावी लागते. तापलेलें पाणी रेडिएटरच्या वरच्या टाकींत येतें, अनेक अरुंद नळ्यांतून खालीं उतरतें, आणि नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांवरून वाहणारा वारा त्याला निववितो. हळदीचे कण जसे भोंकांत बसतात, तसे त्या नळ्यांतही बसतात. आंत बोअरच्या जड पाण्याचे क्षार आधींच होते. गळती बुजली, तशी वाटही बुजली.

झांकणाची गोष्ट घरांतल्या कुकरसारखीच आहे. झांकणाच्या स्प्रिंगेमुळें आंत दाब राहतो. दर चौरस इंचास सात पौंड जादा दाब असला, तर पाणी १०० ऐवजीं सुमारें १११ अंशांवर उकळतें. झांकण काढतांच दाब जातो, तें अतितप्त पाणी एकदम वाफ होऊन उसळतें. म्हणून इंजिन बंद करून तें पुरतें निवेपर्यंत, अर्धा तास तरी, झांकणाला हात लावूं नये. तापल्या इंजिनांत थंड पाणीही ओतूं नये. धातूला तडा जातो.

मिस्त्रीनें वरची टाकी उकलून दाखविली. निम्म्याहून अधिक नळ्या पिवळ्या गाळानें भरलेल्या होत्या, आणि उष्णतेनें हेडचें गास्केट जळालें होतें. मूळ गळती मात्र खालच्या टाकीच्या सांध्यावर, दोन बोटें डाखाची! तो म्हणाला, "गुरुजी, हळद जखमेवर चांगली, तुम्हीं ती रेडिएटरच्या पोटांत कोंडलीत."

तेव्हां माझें सांगणें असें. प्रथम गळती कोठून आहे तें शोधावें. रबरी नळी, तिचा पट्टा, पाण्याचा पंप किंवा झांकण यांचाच दोष असतो, आणि शिक्षा रेडिएटरला होते. रेडिएटर काढून, तोंडें बंद करून पाण्याच्या टाकींत बुडवावा व आंत हवा भरावी. बुडबुडे भोंक दाखवितात.

गळती सांध्यावर किंवा एकाच ठिकाणीं असेल आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल, तर डाख लावावा. कथील व शिसें यांचें योग्य मिश्रण १८३ अंशांवर वितळतें, तांबें १०८५ अंशांवर. म्हणून मूळ धातूस धक्का लागत नाहीं. एखादी नळी फुटली, तर ती दोन्ही टोकांस बुजवितात. नळ्या तुंबलेल्या असतील, तर टाक्या उकलून आंतून सळई फिरवितात. परंतु पत्रे बोटानें चुरगळत असतील, किंवा एक डाख लावतांच शेजारीं दुसरी गळती निघत असेल, तर ममता सोडून नवी जाळी बसवावी. माझी पाळी या शेवटच्या उपायावर आली. अॅल्युमिनियमची जाळी व प्लॅस्टिकची टाकी असणाऱ्या नव्या रेडिएटरला असा डाख चालत नाहीं; तो बहुधा बदलावाच लागतो.

आडरानांत हळद घरीं पोंचवील, हें खरें. पण तिला प्रथमोपचारच मानावें, आणि दुसऱ्याच दिवशीं मिस्त्रीकडे जावें. नंतर बोअरचें पाणी न घालतां शुद्ध पाणी व कूलंट घालावें. सांडलेलें कूलंट लगेच धुवावें. तें गोड लागतें, आणि कुत्र्यामांजरांना प्राणघातक ठरतें.

शाळेंत मी मुलांना सांगत असें, उत्तर जुळलें म्हणजे रीत बरोबर असतेच असें नाहीं. थेंब थांबले, म्हणजे गाडी सुधारली असें मी मानलें, तेव्हां हाच धडा मी विसरलों होतों. आपण विसरूं नये, एवढी विनंती करून आपली रजा घेतों.