डिस्ने वर्ल्डमध्ये जेवायचं कुठे?

फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळच्या या चार थीम पार्कांत आधी पोटोबाची सोय पाहा.

● बसून जेवण : आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. लोकप्रिय ठिकाणं लवकर भरतात.
● झटपट खाणं : मोबाइल अ‍ॅपवरून ऑर्डर द्या, काउंटरची रांग टळते.
● चवबदल : एपकॉटमध्ये ११ देशांची दालनं, प्रत्येकाची चव वेगळी.
● देशी आठवण : अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या ‘सना’त नान आणि चटण्या मिळतात. दिवसाउजेडी गेल्यास खिडकीतून जिराफही दिसतात.
● घरचा डबा : चिवडा-दशम्या नेता येतात, काचेची बरणी नाही.
● पाणी : शीतपेयं विकणाऱ्या काउंटरवर बर्फाचं पाणी मोफत. मागायला लाजू नका.