चपलांचा बिल्ला आणि वेबची विसराळू वृत्ती

देवळाबाहेर चपला ठेवल्या की स्टँडवरचा माणूस हातात पत्र्याचा बिल्ला देतो. बिल्ल्यावर फक्त आकडा असतो. दर्शन घेऊन परत आलात की तो तुमचा चेहरा ओळखत बसत नाही. बिल्ला बघतो आणि त्या आकड्याच्या खणातून चपला काढून देतो. वेबवरची कुकी म्हणजे असाच बिल्ला.

तो लागतो, कारण वेब मुळातच विसराळू आहे. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर पान देतो आणि तिथेच व्यवहार संपतो. दुसऱ्याच क्षणी तुम्ही पुढचं पान मागितलंत तरी सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवखेच. टिम बर्नर्स-ली यांनी वेब घडवलं ते कागदपत्रं एकमेकांना दाखवण्यासाठी, त्यामुळे वाचणारा कोण हे लक्षात ठेवायची गरजच नव्हती. अडचण आली ती दुकानं उघडायची वेळ आली तेव्हा. एका पानावर पुस्तक टोपलीत टाकलं आणि पुढच्या पानावर दुकानदारच विचारू लागला, आपण कोण, तर खरेदी होणार कशी? 1994 साली नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू मॉन्टुली यांनी त्यावर कुकीची तोड काढली. नाव मात्र खाऊवरून थेट आलेलं नाही. संगणकातल्या दोन प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी परत द्यायची चिठ्ठी असे, तिला प्रोग्रॅमर आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत.

लॉगिन करताना काय होतं ते जवळून पाहू. तुम्ही पासवर्ड टाकता. सर्व्हर तो तपासतो आणि कुणाला अंदाजही बांधता येणार नाही अशी लांबलचक अक्षरमाला तयार करतो. आपल्या वहीत नोंद करतो, की ही अक्षरमाला म्हणजे अमुक ग्राहक. मग पानासोबत पण पानावर न दिसणारी ‘सेट-कुकी’ अशी एक ओळ पाठवतो. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्या साइटकडे पुढची प्रत्येक मागणी करताना न सांगता दाखवतो. बिल्ल्यात जशा चपला नसतात, तसा या कुकीत पासवर्ड नसतो. असतो तो नुसता आकडा, बाकी सगळं सर्व्हरच्या वहीत. लॉगआउट केलंत की वहीतली नोंद खोडली जाते आणि तो आकडा निकामी होतो.

पण बिल्ला ज्याच्या हाती, चपला त्याच्या. पूर्वी अनेक साइट लॉगिनचं पान तेवढं कुलूपबंद, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही असं, पाठवत आणि बाकीची पानं उघडीच पाठवत. 2010 मध्ये ‘फायरशीप’ नावाचं छोटं साधन आलं. ते वापरून एकाच उघड्या वायफायवर बसलेला कुणीही शेजाऱ्याची कुकी उचलून, पासवर्ड न कळताही, त्याच्या खात्यात शिरू शकत होता. पुढे मोठ्या साइट एकेक करून सगळीच पानं कुलूपबंद पाठवू लागल्या. आज नीट बांधलेल्या साइटच्या कुकीवर ‘सिक्युअर’ अशी खूण असते, म्हणजे ती उघड्या वाटेने जातच नाही. दुसरी खूण ‘एचटीटीपी-ओन्ली’. त्यामुळे पानातल्या स्क्रिप्टला ती वाचता येत नाही.

आता पाळतीकडे येऊ. बिल्ला ज्याने दिला त्यालाच दाखवायचा, हा नियम ब्राउझर काटेकोर पाळतो. तरी सकाळी एखाद्या दुकानाच्या साइटवर चपला पाहिल्या की दुपारी बातम्यांच्या पानावर त्याच चपला कशा दिसतात? कारण पान एकाच घरून येत नाही. बातमी वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून येते आणि कोपऱ्यातली जाहिरात जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून. जाहिरात आणताना ती कंपनीही आपला बिल्ला तुमच्या ब्राउझरकडे देते. मग पाककृतीची साइट असो की औषधांची, तिथे त्याच कंपनीची जाहिरात असली की ब्राउझर इमानाने तोच बिल्ला दाखवतो, आणि बहुतेक वेळा तुम्ही कुठल्या साइटवर आहात हेही सांगतो. गावातल्या प्रत्येक देवळाबाहेरचा स्टँड एकाच ठेकेदाराकडे असावा, तसं हे आहे. तुमचं नाव त्याला ठाऊक नसलं तरी त्या आकड्याचा माणूस कुठे कुठे गेला, हे त्याच्या वहीत चढत जातं. मधुमेहावर वाचलेलं पानसुद्धा. मला हे मुळीच पटत नाही, कारण चपला ठेवताना एवढं सगळं द्यायचं कुणी कबूल केलेलं नसतं.

सफारी ब्राउझरने 2020 मध्ये अशा परक्या कुकी सरसकट बंद केल्या. गूगलनेही त्याच वर्षी आपल्या क्रोम ब्राउझरमधून त्या काढण्याचं जाहीर केलं आणि 2024 मध्ये तो बेत सोडला. गूगलचं बहुतांश उत्पन्न जाहिरातींचं आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. पण क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘थर्ड-पार्टी कुकी’, म्हणजे याच परक्या कुकी, बंद करण्याची सोय आहे. ती वापरली तरी बहुतेक ठिकाणी लॉगिन बिनबोभाट चालतं.

युरोपातल्या कायद्यामुळे अनेक साइट आता ‘कुकी स्वीकारता का?’ असं विचारतात. लॉगिन किंवा टोपलीसाठी लागणाऱ्या कुकीला त्या कायद्याने परवानगी लागत नाही. विचारणा असते ती उरलेल्यांसाठी. म्हणून ‘नाकारा’ बेलाशक दाबावं. तो नकार लक्षात ठेवायलाही साइट बहुधा एक कुकीच ठेवते, त्यामुळे सगळ्या कुकी पुसल्यात की तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.