शिव्या खाण्याची तालीम

आमच्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५३ ते १९५६ या काळात मुलांना खेळ शिकवणारा एक कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नागरी हक्क चळवळीचा वस्ताद ठरला. हे मला कॉलेज सोडल्यावर कित्येक वर्षांनी, तेही मृत्युलेखातून कळलं. ते मेथडिस्ट पाळक, रेव्हरंड जेम्स लॉसन, ९ जून २०२४ रोजी वारले, वय ९५. नागपूरकराला एवढं कारण पुरे. अमेरिकेत मुलाकडे गेलो तेव्हा वाट वाकडी करून नॅशव्हिल गाठलं.

तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात एक खोली या चळवळीसाठी राखलेली आहे. गोलाकार काउंटर, भोवती स्टुलं, काउंटरवर दहा नियम. ध्येयवादाचं म्हणावं तर त्यांत फार थोडं. ताठ बसा, तोंड काउंटरकडेच ठेवा. शिवीला शिवी नको, हाताला हात नको. खदखदून हसू नका. दाराची वाट अडवू नका. म्होरक्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. येशू, गांधी आणि किंग येतात ते थेट शेवटच्या नियमात.

खोलीची माहिती देणाऱ्या वयस्क बाईंच्या बोलण्यात एक आकडा सारखा येत होता. १२४. शनिवार, १३ फेब्रुवारी १९६०. बाहेर बर्फ, आणि १२४ विद्यार्थी चर्चला जायचे कपडे घालून, वह्या-पुस्तकं घेऊन बाजारातल्या तीन दुकानांच्या खाण्यापिण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. या दुकानांत कृष्णवर्णीयांना शर्ट विकत मिळे. बसून कॉफी मिळत नसे. त्या दिवशीही मिळाली नाही. पोरं बसून राहिली, मग उठून गेली. ‘१२४,’ बाई पुन्हा म्हणाल्या, जणू त्या आकड्यातच काही राहून गेलंय.

राहून गेलं होतं ते त्याआधीच्या महिन्यांतलं. क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या तळघरात मंगळवारी रात्री लॉसन वर्ग घेत. पाळकच ते, बाप आणि आजाही पाळक, तेव्हा प्रवचनं दिली असतीलच. पण खरं काम खुर्च्यांवर चाले. खुर्च्या ओळीने मांडायच्या, तोच काउंटर. काहींनी गिऱ्हाईक व्हायचं, बाकीच्यांनी गुंड. गुंडांनी तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्ची ओढायची, ज्या शब्दाने आईबापांची पिढी जळली तोच शब्द कानात ओरडायचा. आणि हे मित्रांनी मित्रांना करायचं! पडायचं कसं, डोकं कसं झाकायचं, शेजाऱ्यावर मार पडत असेल तर मध्ये आपलं अंग कसं घालायचं, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे घोटून घेतलं जाई. आखाड्यात नवख्याला आधी पडायला शिकवतात, तसंच. डायेन नॅश, जॉन लुइस, बर्नार्ड लाफायेट ही नावं याच तळघरातून पुढे आली.

२७ फेब्रुवारीला परीक्षा झाली. गोऱ्या पोरांनी विद्यार्थ्यांना स्टुलांवरून खाली ओढून तुडवलं, आणि पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्यांना, ऐंशीच्या आसपास.

लॉसन यांची त्याच काळातली एक हकिकत माझ्या डोक्यातून जात नाही. एक मोटारसायकलवाला तरुण त्यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याचकडे रुमाल मागितला. तो इतका गडबडला की त्याने दिलासुद्धा. तोंड पुसून, रुमाल परत करून लॉसन यांनी त्याच्या मोटारसायकलची चौकशी सुरू केली. मी हे संतपणाच्या खात्यात टाकायला तयार नाही. कोरियन युद्धाच्या वेळी लष्करभरती नाकारून हा माणूस १३ महिने तुरुंगात राहिला होता, नंतर नागपुरात गांधीविचार शिकला होता. त्या क्षणी त्यांना जे सुचलं ते सरावातून सुचलं.

शिवाय हिशेबही होता. ईस्टरच्या खरेदीच्या ऐन दिवसांत कृष्णवर्णीय कुटुंबांनी बाजाराकडे पाठ फिरवली, दुकानदारांचा गल्ला बसला. १० मे १९६० रोजी सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने मात्र तिथे शिकणाऱ्या लॉसन यांना मार्चमध्येच काढून टाकलं होतं. २००६ मध्ये त्यांनाच सन्मानाने शिकवायला बोलावलं.

पुढे मेम्फिसचं सेंटेनरी चर्च. १९६८ मध्ये दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले आणि १,३०० कामगार संपावर गेले, तेव्हा डावपेच आखणारे लॉसनच होते. किंग यांना त्यांनीच बोलावलं, आणि तिथेच किंग यांचा खून झाला. त्या खुनासाठी शिक्षा भोगणाऱ्या जेम्स अर्ल रेचं तुरुंगातलं लग्न १९७८ मध्ये लावलं, तेही लॉसन यांनीच. इथे माझी मती थांबते. मला हे जमलं नसतं. १९७४ ते १९९९ लॉस एंजेलिसच्या होल्मन चर्चमध्ये ते पाळक होते, आणि निवृत्तीनंतरही हॉटेल कामगारांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळ्यांना तोच धडा गिरवायला लावत राहिले.

आपल्याकडे अहिंसा २ ऑक्टोबरच्या हारापुरती उरली आहे. मोर्चा म्हटलं की आधी बॅनर, लाऊडस्पीकर, नेत्याची वेळ. नागपुरातल्या विद्यार्थी संघटनांना आणि युनियनवाल्यांना माझं एकच सांगणं आहे. पुढच्या मोर्चाच्या आधी एक हॉल घ्या, वीस खुर्च्या मांडा आणि दोन तास एकमेकांना मनसोक्त शिव्या घाला. ज्याचा हात उठेल, त्याला मोर्चात पुढे उभं करू नका.